आलेखातली खाच

गुरुवारी सकाळी प्रेक्षकसंख्येचे आकडे येतात. त्या दिवशी आमच्या वाहिनीच्या कचेरीत चहासुद्धा दबक्या आवाजात ढवळला जातो. आकडे आधी माझ्या टेबलावर येतात, म्हणून आठवड्यातून एकदा सगळे माझ्याशी फार गोड वागतात.

त्या गुरुवारी तर गोडवा उतू जात होता. अंतराळात भरकटलेल्या यानाची ती जुनी मालिका आम्ही नव्यानं सुरू केली होती. पूर्वी ती बघणारी मुलं आता आईबाप झाली होती आणि आपल्या पोरांना कुशीत घेऊन बसली होती. पहिल्याच भागानं बाकीच्या वाहिन्यांना धूळ चारली. निर्माते स्वतः केक घेऊन आले.

मला मात्र आलेखात एक खाच दिसली. प्रेक्षकसंख्या मोजायचं मीटर बसवलेल्या घरांपैकी किती घरांत मालिका चालू आहे, हे त्या आलेखात क्षणाक्षणाला कळतं. सुरुवातीची नावं येताना रेघ सरळ तळाला गेली होती आणि लगेच वर आली होती. जाहिराती लागल्या की लोक उठतात, पण सगळे कधीच उठत नाहीत. इथे एकही घर उरलं नव्हतं.

यंत्रात बिघाड असेल म्हणून मी सोडून दिलं.

पुढच्या आठवड्यातही खाच तिथेच. मी आलेख आणि भाग शेजारी शेजारी लावून बघितले. खाचेच्या जागी पडद्यावर एकच पाटी होती. वर ‘कथा, संकल्पना, लेखन’ आणि खाली निर्मात्यांचं नाव.

त्यांना दाखवलं तर ते हसले. "लोकांना घाई असते गं. पाटी यानातल्या स्फोटाच्या दृश्यावर टाका. बघू, कोण उठतं ते."

खाच स्फोटावर गेली.

तेव्हा मी संकलनाच्या खोलीत आमच्या संकलक काकांना गाठलं. जुनी मालिकाही त्यांनीच जोडली होती. आलेख बघून त्यांनी आधी दार लोटून घेतलं.

"या निर्मात्यानं एक ओळसुद्धा लिहिलेली नाही," ते म्हणाले. "सगळं लेखिकाबाईंचं. ते यान, ती माणसं, सगळं. जुनी मालिका संपायच्या महिन्यात यानं त्यांचं नाव काढायला लावलं. माझ्याच हातून."

"बाई भांडल्या नाहीत?"

"कचेरीच्या फाटकाशी उभ्या राहायच्या रोज. हा गाडीची काच खाली करून रखवालदाराला म्हणायचा, ‘कोण आहे ही? मला तर कोणी दिसत नाही.’ आणि हसायचा. रखवालदारही हसायचा मग." काकांनी चष्मा पुसला. "एकदा इथे आल्या. त्या खुर्चीत बसून पाटी बघितली. रडल्या नाहीत, काही नाही. एवढंच म्हणाल्या, ‘बरं. मग यालाही कोणी बघू नये.’ गेल्या वर्षी वारल्या. त्यानंतरच यानं मालिका पुन्हा काढली."

त्या आठवड्यात मी मालिका दादाच्या घरी बघितली. त्याच्याकडे मीटर नव्हतं. दादा, वहिनी, त्यांची मुलगी आणि आई, सगळे दाटीवाटीनं सोफ्यावर. मी मुद्दाम बाजूला बसले, त्यांची तोंडं दिसतील अशी.

स्फोट झाला. दादाच्या अंगठ्यानं रिमोटचं बटण दाबलं. पडदा काळा झाला.

आईच्या विणायच्या सुया थांबल्या. भाची पापणी न हलवता बसली होती. चौघंही त्या काळ्या पडद्याकडे बघत होते आणि चौघांच्या चेहऱ्यावर एकच भाव होता. दारात नको असलेला माणूस आला की येतो तसा.

मग दादानं टीव्ही लावला आणि भाची ओरडली, "वाचला, कप्तान वाचला!"

"दादा, मध्येच बंद का केलास?"

"काय बंद केलं?"

"टीव्ही."

"वेड लागलंय का तुला? आई, मी बंद केला?"

"कधी गं?" आई म्हणाली. सुया पुन्हा चालू झाल्या होत्या.

मी निर्मात्यांना स्पष्ट सांगितलं, "नाव काढा." ते लालबुंद झाले. "माझं नाव? माझ्याच मालिकेतून? आता पडद्याच्या कोपऱ्यात ठेवा. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

तसं केलं. पुढच्या गुरुवारी आलेखावर रेघच नव्हती.

बैठकीत ते टेबल बडवून बोलत होते. वाहिनीप्रमुख बोलता बोलता त्यांचं वाक्य मध्येच तोडत होत्या, पण तोडल्यासारखं नाही. जणू खोलीत शांतताच होती. चहा आला तेव्हा त्यांच्यापुढे कप ठेवला गेला नाही. काकांनी पाटीसाठी बाईंचं नाव सुचवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. खुर्ची जोरात मागे सरकल्याचा आवाज आला. कोणी वळून बघितलं नाही.

दुपारी ते माझ्या टेबलाशी आले. शर्टाचं बटण तुटलं होतं.

"लिफ्टवाल्यानं दार लावलं. माझ्या तोंडावर," ते म्हणाले. "तुला दिसतोय ना मी?"

"दिसताय की."

"मग माझ्याकडे बघून बोल."

"बघतेच आहे."

"नाही," ते म्हणाले. "तू खिडकीकडे बघतेयस."

मी खिडकीकडे बघत होते.

मान वळवायला गेले. वळेना.

मागे ते उभे होते. श्वास ऐकू येत होता. मग तोही येईनासा झाला.

बाईंचं नाव लागलं तशी रेघ पुन्हा वर चढली. खाच उरली नाही. कचेरीत पुन्हा केक आला. निर्माते कुठे आहेत, हे कोणीच विचारलं नाही, म्हणून शेवटी मीच त्यांच्या घरी फोन लावला. त्यांच्या बायकोनं उचलला.

"साहेब आहेत का?"

"कोण साहेब?" त्या मोकळेपणानं हसल्या. "चुकीचा नंबर लागला वाटतं. इथे मी एकटीच असते."

त्यांच्या मागे, अगदी जवळून, एक पुरुष घसा फाडून माझ्या नावानं हाका मारत होता.

"तुमच्याकडे... टीव्ही चालू आहे का?"

"नाही हो. अगदी शांत असतं घर." त्या जरा थांबल्या, एकटी माणसं बोलायला मिळालं की थांबतात तशा. "एक मात्र कळत नाही बघा. एकटीपुरता स्वयंपाक करते, मोजून. तरी रोज कमी पडतो."