पिलजुनच्या आईचा चमचा

दार लावून घ्या आणि जमीन खालून तापवलेली आहे तिकडं सरका. दिवसभर दगड बघत हिंडलात, पाय गोठले असतील. हे दगड जिथून फोडून आणले ती डोंगरातली खाणही पाहिलीत म्हणे. बरं केलंत. फलकावर सगळं लिहिलंय, किती हजार वर्षं, किती टन. हे दगड म्हणजे जुन्या लोकांची थडगी, आणि त्यांच्या मधोमध आमचं बाविगोल गाव होतं, तेवढं लिहायचं राहिलं. मेलेल्यांची घरं जपायची म्हणून जित्यांची पाडली. माझं घर त्यांनी घातलेल्या कुंपणाबाहेर राहिलं, म्हणून वाचलं.

तो सगळ्यात रुंद दगड पाहिलात ना, खाली पोकळी आहे तो? तो पिलजुनच्या परसात होता. पिलजुन माझा शाळासोबती. त्याच्या आईचे सोया सॉसचे रांजण त्याच दगडावर असायचे आणि रोज संध्याकाळी ती ते ओल्या फडक्यानं पुसायची. खाली कोण पुरलंय याची तिला कधी भीती वाटली नाही. शेजारी आहेत म्हणायची, आणि सुनेपेक्षा बरे, उलटून बोलत नाहीत.

गाव उठलं तेव्हा पिलजुननं तिला शहरात नेलं, नवव्या मजल्यावर. त्या इमारतीचं खालचं दार आकडे दाबले तरच उघडतं. पिलजुननं आकडे दहादा सांगितले, म्हातारीच्या डोक्यात राहीनात. एकदा ऐन थंडीत ती एकटीच खाली उतरली आणि तिला परत आत जाता येईना. पोरगा आणि सून कामावर. अंधार पडेपर्यंत पायरीवर बसून राहिली. पिलजुन आला तो तिच्यावरच ओरडला, चार लोकांसमोर. ती एवढंच म्हणाली, "तुझ्या घरात मी आता जेवणार नाही."

नाहीच जेवली. आठवड्याच्या आत गेली.

मग पहिलं वर्षश्राद्ध आलं. बारावा महिना, अमावस्येची आदली रात्र. पिलजुनला एकच ध्यास, आईनं एक घास तरी खावा. बायकोनं सगळं तिच्या आवडीचं रांधलं. त्याच्या मावशीनं रस्सा चाखला आणि पळी खाली ठेवली. हा दुकानातला सॉस, ताई याला शिवणार नाही, म्हणाली. तिच्या हातचा शेवटचा सॉसचा रांजण गाव उठताना माझ्याकडे राहिला होता. म्हणून बर्फातून पिलजुन माझ्याकडे आला. मी बाटली भरून दिली आणि म्हटलं, जाता जाता दगडापाशी आईला विचारून ने रे. थट्टाच केली. आमची थट्टा तसलीच असायची.

पुढचं त्यानं मला सांगितलं तसं सांगतो.

गाडी हमरस्त्यावर ठेवलेली, त्यामुळं कुंपणालगतच्या वाटेनं तो चालत निघाला. बर्फ पडायचा थांबला होता. वारा नव्हता. रुंद दगडासमोर आला आणि आवाज आला. ओलं फडकं... मातीच्या रांजणावरून फिरणारं. गोल, सावकाश.

रांजण तर कधीच उचलले होते.

तो थांबला. फडकंही थांबलं.

"आई?"

...

"आई, पान वाढलंय. चल घरी. दार उघडं ठेवलंय."

श्राद्धाच्या रात्री आम्ही दार उघडंच ठेवतो. बंद दारातून गेलेलं माणूस येत नाही.

मग अगदी कानाशी, रोजच्या आवाजात...

"आणि खालचं?"

गाडी कशी चालवली ते त्याला आठवत नाही. नवव्या मजल्याचं दार सताड उघडं होतं. खालचं कुलूपबंद. कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. वर्षभरापूर्वीही नव्हतं आलं. त्यानं दारात वीट लावली आणि वर गेला.

पान मांडलं. सॉस घातला. आईचा पितळेचा चमचा, लग्नात माहेरून आणलेला, भातात उभा रोवला; गेलेल्याला आम्ही असंच जेवायला बसवतो. मग तिला निवांत जेवता यावं म्हणून सगळे खोलीबाहेर जाऊन उभे राहिले. मान खाली. खालून लिफ्ट वर आली. थांबली. दार उघडलं... मिटलं. कुणी मान वर केली नाही.

आत येतोय हे तिला कळावं म्हणून पिलजुन खाकरला, तसे सगळे आत गेले.

भात तसाच होता. रस्सा तसाच. भाताच्या मधोमध एक भोक, त्यातून वाफ येत होती.

चमचा नव्हता.

सगळं घर पालथं घातलं. शेवटी मावशी म्हणाली, "आली होती." आणि पान आवरता आवरता, "जेवायला नाही."

सकाळी पिलजुन माझ्याकडे आला. आम्ही दोघं कुंपण ओलांडून गेलो. बर्फावर मांजराचंसुद्धा पाऊल नव्हतं. वाकून दगडाखालच्या पोकळीत पाहिलं. गोठलेल्या मातीत चमचा रोवलेला. दोघांनी मिळून ओढला, हलला नाही. पिलजुन तिथंच बसून लहान पोरासारखा रडला. मी त्याची समजूत घातली नाही. काय घालणार?

अजून तो दर वर्षी पान वाढतो. खालच्या दाराला वीट लावतो. दर वर्षी नवा चमचा आणतो आणि भातात रोवतो. तो उभा राहत नाही, पडतो.

तिचा मात्र तिथं ताठ उभा आहे. उद्या उजाडल्यावर वाकून बघा, फलकावर सापडायचा नाही.

हात लावू नका.