विनातिकीट

दुपारचे बारा वाजले होते आणि विमानाची तिकिटं काढून देणाऱ्या त्या लहानशा ऑफिसात ती एकटीच होती. फोनवरच्या गिऱ्हाइकाला ती सांगत होती, "अंतर सव्वाअकरा हजार किलोमीटर. विमान थेट आहे, तरी साडेचौदा तास धरून चाला. त्याहून लवकर कुणी पोचत नाही."

हे आकडे तिला तोंडपाठ होते. त्याच दूरच्या शहरात, धाकट्या भावाकडे तिचे वडील होते आणि आज तिथे त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. तासापूर्वी आत नेताना अप्पा फोनवर दोन शब्द बोलले होते. तेव्हापासून तिच्या जिवाला थारा नव्हता. घरी बसली असती तर भिंती खायला उठल्या असत्या, म्हणून ती आपली कामावर आली होती.

तिने फोन ठेवला, तेवढ्यात दवाखान्याचा उग्र वास आला. पंखा फिरत होता, पण त्याची घरघर ऐकू येईनाशी झाली. दार उघडल्याचा आवाजही झाला नव्हता. तिने मान वर केली. समोरच्या खुर्चीत अप्पा बसले होते. अंगात मागून बांधायचा हिरवा झगा, पाय अनवाणी.

"अप्पा... तुम्ही?"

"घरी निघालो होतो गं. म्हटलं, वाटेत तुला भेटून जावं." अप्पा थकल्यासारखे हसले. "लांब लांब म्हणतात सगळे. मला तर काहीच वेळ लागला नाही..."

साडेचौदा तासांची वाट तासाभरात कोण कापतं, हे तिला कुणी समजावून सांगायला नको होतं. तिकडे ऑपरेशनच्या टेबलावर अप्पा हातचे चालले होते.

अप्पांनी तीस वर्षं रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून काढली होती. फुकट्यांची त्यांना इतकी चीड, की सख्ख्या मेहुण्यालाही त्यांनी दंड ठोकला होता. आईने त्यावरून आठवडाभर अबोला धरला, तरी हे आपले ढिम्म.

तिने रडू गिळलं आणि आवाज होईल तितका कोरडा केला. "तिकीट दाखवा."

अप्पा चपापले. झग्याला नसलेले खिसे चाचपू लागले. "अगं, घाईत... राहिलं वाटतं."

"विनातिकीट आलात, अप्पा? तुम्ही?"

त्यांची मान खाली गेली. त्यांना असं ओशाळलेलं तिने जन्मात पाहिलं नव्हतं.

"मग आता?" त्यांनी हळूच विचारलं.

"आल्या वाटेने परत जायचं. आत्ताच्या आत्ता."

तिने त्यांच्या नावाचं तिकीट छापलं आणि टेबलावरून पुढे सरकवलं. अप्पांनी सवयीने ते उलटसुलट करून पाहिलं, तारीख तपासली, समाधानाने मान डोलावली. तिने डोळे पुसले तेव्हा खुर्ची रिकामी होती.

ती फोनजवळून हलली नाही. संध्याकाळी पाच वाजता भावाचा फोन आला. तो हसत होता की रडत होता, त्यालाच कळत नव्हतं. "ताई, मध्ये हृदय बंद पडलं होतं. डॉक्टरांनीही आशा सोडलेली. पण आले गं परत आपले अप्पा. शुद्धीवर आलेत, आता धोका नाही."

टेबलावर डोकं टेकून ती मनसोक्त रडली. दिवसभराचं ओझं एकदाचं उतरलं.

"अजून गुंगीत आहेत, काहीबाही बोलतात," भाऊ म्हणाला. "तुला निरोप दिलाय. म्हणे, माझ्या मागोमाग एक बाई आली होती... तिच्याकडेही तिकीट नव्हतं. ती अजून तुझ्या ऑफिसातच बसलीय."

तिने फोन ठेवला. मग टेबलावरचं डोकं न उचलताच तिने विचारलं,

"कुठे जायचंय तुम्हाला, बाई?"