वलांडीखालचा ब्रोच

शुक्रवारी सकाळी सात वाजता फोन खणखणला.

"रोझबाय, परवा चर्चमध्ये लग्नासाठी जीनाच्या नावाबरोबर त्या फ्लॉईडचं नाव पुकारलं जाणार नाही. पुकारलं, तर सगळ्यांदेखत उभा राहून मी हरकत घेईन."

"ओरडू नकोस, फ्रेडरिक. मी बहिरी झालेली नाही. काय झालं?"

"त्यानं मला फसवलं. ब्रोचचा बनाव केलाय."

रोझमेरीबाईंनी फोन ठेवला आणि पायांत चपला सरकवल्या. वसईच्या शाळेत त्यांनी एकवीस वर्षे मुख्याध्यापिकेची खुर्ची सांभाळली होती. ऐकीव तक्रारीवर त्यांनी एकाही मुलाला कधी शिक्षा केली नव्हती. जीना त्यांची नात, फ्लॉईड तिचा वाग्दत्त वर आणि फ्रेडरिक त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. न्याय कोणाच्याही बाजूने झाला, तरी घरातलेच कोणीतरी दुखावणार होते.

हकिगत सर्वांना ठाऊक होती. फ्लॉईडला धातुशोधक यंत्र घेऊन किनारे धुंडाळण्याचा छंद. नोव्हेंबरात कळंबच्या वाळूत त्याला लहान बशीएवढा, हिरवट, गोल ब्रोच सापडला. जाणकारांनी फोटो पाहूनच सांगितले की वस्तू इंग्लंडची, पंधराशे वर्षांपूर्वीच्या अँग्लो-सॅक्सन बायका खांद्यावर वस्त्र अडकवायला वापरत तशी. जवळच्याच सोपाऱ्याच्या प्राचीन बंदरात थेट इंग्लंडचा माल येत होता, असे इतिहासवेडा फ्रेडरिक चाळीस वर्षे सांगत आला होता आणि विद्वान चाळीस वर्षे हसत आले होते. त्याने लगेच व्याख्यानासाठी सभागृह ठरवले. दरम्यान तहसील कचेरीने ब्रोच मुंबईच्या तज्ज्ञांकडे तपासायला पाठवला.

फ्रेडरिकच्या घराच्या खिडक्यांच्या झडपा यंदाच हिरव्या रंगवलेल्या होत्या. दिवाणखान्यात पितळी समया आणि क्रूस लखलखत होते. भिंतीवर फ्रेडरिकच्या मुलाचा, इंग्लंडात नोकरी करणाऱ्या कॉन्रॅडचा फोटो होता. गुडघाभर बूट घालून तो नांगरलेल्या शेतात उभा होता. चौकटीत बसवण्यासाठी फोटो कडेने कापला होता. त्यामुळे त्याच्या हातातली काठी अर्धीच दिसत होती.

"कॉन्रॅड नाताळला येतोय का गं?"

"कुठला! ऑगस्टात येऊन गेला ना," फ्रेडरिकची बायको मर्सी मागल्या दारच्या चुलीवरच्या पाण्याखाली लाकूड सारत म्हणाली. "तुम्ही बसा, रोझबाय. पण पाय पुसून या, आत्ताच लादी पुसलीय."

फ्रेडरिकने तज्ज्ञांच्या अहवालाचा कागद पुढे केला. ब्रोच अस्सल आहे. मात्र काळाने चढलेला मूळ थर नुकताच घासून काढला असून, वरचा हिरवा रंग आजच्या काळातला साधा तैलरंग आहे.

"घासला त्यानंच, रंगवला त्यानंच," फ्रेडरिक म्हणाला. "कुठून तरी मागवला आणि माझ्या गळ्यात मारला."

"कागदावर दोनपैकी एक असा आकडा आहे. दुसरं पान?"

"नुसती तांत्रिक बडबड. हरवलं कुठेतरी."

"अठ्ठ्याहत्तर सालची एसटीची तिकिटं जपणाऱ्या माणसाच्या घरात कालचं पान हरवलं?"

फ्रेडरिकने चष्मा पुसायला घेतला.

तिथून बाई थेट कळंबला गेल्या. किनाऱ्यावर अनसूया मांगेलीण वलांडीवर बोंबील उलटे टांगत होती. बांबूंच्या त्या लांबच लांब मांडणीतला शेवटचा खांब तिने दाखवला.

"याच्याच बुडाशी गावला. पोरगा मशीन घेऊन आला नि सरल हितंच खनाय लागला. हिकडं नाय, तिकडं नाय."

बाईंच्या कपाळाला आठी पडली. "किती खोल?"

"वीतभर."

"आणि हा खांब कधीचा?"

"पावसात समदं काढून ठेवतो. दसऱ्याला मीच पुरला, हातभर खड्डा खनून. वालू या हातानं उपसली, बाई. तवा बटन असतं तर मना दिसलं नसतं?"

"दसऱ्यानंतर इथे कोण आलं होतं?"

"कोन नाय आलं ते इचारा! रविवारी तर निस्ती जत्रा."

म्हणजे ब्रोच दसऱ्यानंतर पुरला गेला होता. आणि फ्लॉईड सरळ त्याच जागी गेला होता.

बोळिंजला सातव्या मजल्यावरच्या सदनिकेत फ्लॉईड थोरल्या भावाबरोबर राहत असे. त्याचा चेहरा उतरला होता.

"शेवटच्या खांबापाशी शोधायला कोणी सांगितलं?"

"फ्रेडरिक सरांनी, टीचर."

"लिहून दिलं?"

"नाही. तोंडी."

"तिथे दुसरं कोणी होतं?"

"नाही." त्याने खणातून एक कागद काढला. "जीनाचा फोन आला होता. घरचे म्हणतात, आधी नाव साफ कर, मग चर्चची पायरी चढ. मी खरंच काही केलं नाही, टीचर. सापडला त्याच दिवशी तहसीलमध्ये जमा केला. ही पोच."

"अहवालाचं दुसरं पान आहे?"

तहसीलने त्यालाही अहवालाची प्रत दिली होती; त्यातले ते पान त्याने काढून दिले. बाईंनी ते दोनदा वाचले. मग त्या उठून त्याच्या स्वयंपाकघरात गेल्या. ओट्यावर गॅसची शेगडी, मांडणीवर स्टीलची चार भांडी आणि प्लास्टिकचे डबे होते.

"घरात पितळ, तांबं काही आहे?"

"दाराची कडी आहे, टीचर. तीही काळी पडलीय."

"उद्या संध्याकाळी पाच वाजता फ्रेडरिककडे ये. आणि दाढी करून ये. गुन्हेगारासारखा दिसू नकोस."

शनिवारी पाच वाजता फ्रेडरिक, मर्सी, जीना आणि फ्लॉईड दिवाणखान्यात बसले होते. बाई उभ्या होत्या.

"एका प्रश्नाचं उत्तर द्या. ब्रोच जुना दिसावा म्हणून ज्याने हिरवा रंग दिला, तो आधी त्याचा अस्सल हिरवा थर घासून का काढेल?"

बाईंनी फ्लॉईडकडून आणलेले पान उघडले.

"काढणारच नाही. म्हणजे हात दोघांचे आहेत. घासणाऱ्याला त्या वस्तूची किंमत ठाऊक नव्हती. रंगवणाऱ्याला ती पुरेपूर ठाऊक होती. त्यानं दुसऱ्याची चूक झाकली. आता ऐका, हरवलेल्या पानावर काय आहे. नक्षीच्या खाचांत लाकडाची राख आणि चिंचेचे धागे सापडले."

मर्सीने मान वर केली.

"बोळिंजच्या सातव्या मजल्यावर चूल नाही, राख नाही, घासायला पितळही नाही. आपल्याकडे मात्र सणाच्या आधी घरातला प्रत्येक धातू चिंच लावून राखेनं घासतात. मर्सी, सप्टेंबरातल्या मारियेच्या सणाआधी तू काय काय घासलंस?"

"समया, क्रूस, हंडा..." मर्सी थबकली. "आणि ते बशीएवढं बटण. कॉन्रॅडनं ह्यांना आणलेलं. किती काळंहिरवं झालं होतं! मी छान लख्ख करून ह्यांच्या टेबलावर ठेवलं. त्या दिवशी हे जेवलेसुद्धा नाहीत. मला वाटलं, पोट बिघडलं असेल. मग ते बटण परत दिसलंच नाही, आणि सापडलेल्या ब्रोचचा फोटोही ह्यांनी मला दाखवला नाही."

फ्रेडरिकने डोळे मिटून घेतले.

"भिंतीवरच्या फोटोत कॉन्रॅडच्या हातात काठी नाही," बाई पुढे म्हणाल्या. "फ्लॉईडकडे आहे तसंच यंत्र आहे. काल रात्री मी त्याला फोन केला. तिथल्या एका शेतात त्याला ब्रोच सापडला आणि परवान्याशिवायच वडिलांना भेट म्हणून त्यानं तो इथे आणला. घासलेला ब्रोच पाहून फ्रेडरिकनं झडपांचा उरलेला रंग त्यावर चढवला आणि दसऱ्यानंतर कळंबला नेऊन पुरला. आपण वाडीतली, शेती-बागायत करणारी माणसं. वलांडीचा खांब दरवर्षी नव्यानं पुरतात, हे त्याला ठाऊक नव्हतं. मग खात्रीनं सापडावा म्हणून या मुलाला नेमकी जागा सांगितली."

"आजोबा?" जीना म्हणाली. त्या एका शब्दाने फ्रेडरिक खचला.

"चाळीस वर्षं हसले मला, रोझबाय," तो पुटपुटला. "वाटलं, मरण्याआधी एकदा तरी..."

"ते मी समजू शकते. पण अहवाल आला, तेव्हा तू काय केलंस? दुसरं पान लपवलंस आणि एका निर्दोष मुलाचं लग्न मोडायला निघालास. हे मला समजत नाही."

"मी घासलं नसतं तर..." मर्सी रडवेली झाली.

"घासलंस हे बरंच झालं," बाई म्हणाल्या. "नाहीतर खोटं पचलं असतं. ब्रोच जिथून आला तिथे परत जाईल. कॉन्रॅड सगळं कबूल करील. तुझं काय, ते तू ठरव, फ्रेडरिक. उद्या चर्चमध्ये आठची मिसा आहे."

रविवारी फादर ज्युलियस यांनी दोन्ही नावे पुकारली आणि विचारले, "या विवाहाला कोणाची हरकत आहे काय?"

तिसऱ्या बाकावरून फ्रेडरिक उठला. चर्चभर कुजबुज झाली. फ्लॉईडने जीनाचा हात घट्ट धरला.

"आहे, फादर," फ्रेडरिक म्हणाला. आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोहोचत होता. "पण ती या मुलावर नाही. माझ्यावर आहे. ब्रोच मी पुरला होता."

रोझमेरीबाईंनी मागे वळून पाहिले नाही. त्या फक्त बाकावर थोड्या सरकल्या आणि भावासाठी शेजारी जागा केली.