कुणाचं काही चालतंय का?

शांती नगरातल्या एका सोसायटीच्या वाचनालयामागच्या खोलीत नीलमताई मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवत. शाळेतून निवृत्त झाल्या, पण शिकवणं काही सुटलं नाही. खोलीत सर्व्हर एकच, सगळ्या मुलांची कामं त्याच्याच पोटात. मुलं ज्या पायथन भाषेत लिहीत, तिच्या जुन्या-नव्या आवृत्त्या त्यावर शेजारी शेजारी बसवलेल्या. नवीन मूल आलं की ताई सांगत, "एका स्वयंपाकघरात खूप शेगड्या आहेत असं समजा. ज्याची भाकरी ज्या शेगडीवर, ती तिथेच भाजणार. म्हणून दुसऱ्याची शेगडी उचलायची नाही."

जुनी आवृत्ती काढायची तर वर्गाची रीत होती. आधी मोठ्यानं विचारायचं, "कुणाचं काही चालतंय का?" सगळ्यांनी नाही म्हटल्यावरच हात लावायचा. न विचारता कुणी काढलंच, तर त्यानं हात वर करायचा. त्याला ताई कधी रागावत नसत. "दिसला, खाली कर," एवढंच म्हणत आणि बिघडलेलं दुरुस्त करायला बसत.

ही रीत मोडली ती ताईंनीच. मुलांच्या कामांच्या प्रदर्शनाला पाहुणे यायचे होते, सर्व्हरवरची जागा भरत आली होती आणि वर्गाला सुट्टी. विचारायचं कुणाला? सर्वात जुनी आवृत्ती त्यांनी काढून टाकली. तिच्यावर किनाऱ्यावरच्या उत्तन गावातून येणाऱ्या ट्रिशाचं काम चालत होतं, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

ट्रिशाचा आजा मॅन्युएल एकटाच होडी घेऊन समुद्रात जाई. अलीकडे तो तिथी विसरू लागला होता, आणि तिथी विसरली की उधाण कधी, हेही हुकतं. म्हणून नातीनं प्रोग्रॅम लिहिला. आजानं वर्गाच्या नंबरावर मिस्ड कॉल द्यायचा. सर्व्हर उलट फोन करून तिच्या आवाजात सांगे, "आजा, आज उधाण हाय, जाऊ नको." किंवा, "उधाण न्हाय, जा."

दुसऱ्याच दिवशी उधाण होतं, आणि त्या सकाळी सर्व्हरनं फोन केलाच नाही. आजानं वाट पाहिली असेल, मग होडी लोटली असेल. होडी खडकांत सापडली. आजा सापडला नाही.

आजासाठीच्या प्रार्थनेला ताई उत्तनला गेल्या तेव्हा ट्रिशा म्हणाली, "टीचर, माझ्याच कोडमध्ये मिस्टेक होती." ताईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तोंडाशी आलेलं गिळलं. परतीच्या बसमध्ये तो हात त्यांनी पदराखाली झाकून घेतला.

त्यानंतर सर्व्हरवरची जागा पुन्हा भरू लागली. नवीन काही बसवलेलं नव्हतं. ताईंनी मोजून पाहिलं. काढलेली आवृत्ती जेवढी जागा खाई, नेमकी तेवढीच जागा गेली होती. ती आवृत्ती मात्र कुठेही दिसत नव्हती. सर्व्हर जिच्यातून फोन लावी, त्या डबीवरचा हिरवा दिवा सकाळी सकाळी लुकलुके. डबी जुनी झाली, असं म्हणून त्यांनी तिच्यावर रुमाल टाकला.

एका दुपारी वर्ग भरायच्या आधी ट्रिशा आली. अंगावर काळा ड्रेस, हातात वही नाही.

"टीचर, माझी मिस्टेक दाखवा. पुन्हा व्हायला नको."

"बस बाळा. पाणी पी आधी."

"पाणी नको. दाखवा ना."

शिकायला आलेल्या मुलाला ताईंनी आजवर कधी परत पाठवलं नव्हतं. त्यांनी फाइल उघडली. एकेक ओळ दोघींनी वाचली. चूक कुठेच नव्हती.

"मग चालवून बघते," ट्रिशा म्हणाली.

"नाही चालणार गं."

"का?"

ट्रिशानं बटण दाबलं.

प्रोग्रॅम सुरू झाला.

ताईंनी खुर्ची ओढली, सर्व्हरला जुनी आवृत्ती शोधायला सांगितली. सापडली नाही, असं पडद्यावर आलं. पुन्हा शोधली. नाही. शेगडी नव्हती आणि भाकरी भाजली जात होती.

रुमालाखाली हिरवा उजेड लुकलुकला.

पडद्यावर एक नंबर उमटला. ट्रिशाचे ओठ हलले. तिला तो पाठ होता.

"आजाचा हाय," ती म्हणाली. "फोन त्याच्या खिशात होता, टीचर."

सर्व्हरनं उलट फोन लावला. पलीकडे कुणीतरी उचलला.

"आजा, आज उधाण हाय, जाऊ नको," स्पीकरमधून ट्रिशाचा आवाज बोलला.

पलीकडे बराच वेळ पाणी खळखळत राहिलं.

मग म्हातारा, थकलेला आवाज आला. त्यात राग नव्हता.

"कोनी काढलं व्हतं?"

ट्रिशानं वळून ताईंकडे पाहिलं.

खोलीत कॅमेरा नव्हता. खिडकीला पडदा होता, दार लोटलेलं होतं. ताईंनी मान खाली घातली, डोळे मिटले आणि हात हळूहळू वर केला.

पाण्याचा आवाज थांबला.

"दिसला, बाय," स्पीकर म्हणाला. "खाली कर."