चाळीस फूट खालचा सॉगर

पहिल्याच भेटीत क्लेटननं माझी टोपी पळवली. डिसेंबरची सकाळ होती. धरणाखाली ओहायो नदीचं पाणी नुसतं घुसळत होतं आणि मी माझ्या पत्र्याच्या होडीत सॉगर मासे पकडत बसले होते. काठाच्या भिंतीवरून कुणीतरी गळ फेकला, तो माझ्या लोकरी टोपीत रुतला आणि टोपी भुर्रकन काठावर!

“माफ करा हं! मला वाटलं, मासा आहे.”

“टोपी घालणारे मासे तुमच्या गावात असतील.”

“आमच्या गावात मासे इतके सुंदर नसतात...”

आगाऊच होता मेला! टोपी घ्यायला मी होडी काठाला लावली, तर हा सरळ होडीतच येऊन बसला. मालवाहू बार्जवर खलाशी होता. अठ्ठावीस दिवस नदीवर, चौदा दिवस सुटी.

मीच त्याला शिकवलं. शिशाचं डोकं असलेला गळ, म्हणजे जिग, घ्यायचा. त्यावर मऊ रबरी मासोळी खोवायची. तळाला टेकवायची, वीतभर उचलायची, पुन्हा टेकवायची.

“चावला की झटका बसेल ना?”

“छे! सॉगर लाजाळू. दोरी नुसती जड वाटते. तेवढ्यात ओढलं नाहीस, तर गेलाच.”

“म्हणजे तुझ्यासारखाच.”

“मी नाही हं लाजाळू!”

“मग माझ्याकडे बघून बोल की...”

मी बघितलं — आणि संपलंच सगळं!

पुढचे दोन हिवाळे त्याची प्रत्येक सुटी माझ्या होडीत गेली. थर्मॉसच्या एकाच झाकणातून आम्ही कॉफी प्यायचो. माझी बोटं गारठली की तो ती आपल्या खिशात घालून ठेवायचा, आणि मग मासे गेले उडत.

या फेब्रुवारीत मात्र तो आल्यापासून गप्प होता. सुटीच्या शेवटच्या दिवशी मी चाळीस फूट खोलातून एक छोटासा सॉगर वर काढला. मी दोरी सोडवतेय तोवर क्लेटननं तो उचलला आणि हळूच पाण्यात सोडला.

“जा बाळा, घरी जा.”

मासा गेला नाही. पोट वर करून तसाच तरंगत राहिला.

“हे काय केलंस? इतक्या खोलातून वर काढलेला सोडायचा नसतो! आतली हवा फुगते, खाली जाताच येत नाही त्याला.”

त्याला हे ठाऊकच नव्हतं. आजवर आम्ही मिळालेला प्रत्येक मासा घरीच नेला होता.

“नोरीन... मला कायमची नोकरी मिळालीय. पार खाली, लुइझियानात. इकडे आता येणं नाही. तू चल ना माझ्याबरोबर! नाही करमलं, तर मी स्वतः तुला इथे आणून सोडीन.”

बोलता बोलता त्याची नजर त्या माशावर गेली. माझीही.

“माझी आई अशीच एकाबरोबर गेली होती,” मी म्हणाले. “दोन वर्षांनी परत आली. बाबा एका शब्दानं बोलले नाहीत. पण ती पुन्हा इथली झालीच नाही रे. स्वतःच्या स्वयंपाकघरात पाहुणीसारखी बसायची.”

“म्हणजे... नाही?”

“माझं तुझ्यावर प्रेम आहे. फार आहे. पण मी येणार नाही.”

त्यानं ओल्या हातमोज्यानंच डोळे पुसले. मी जाळी घालून तो मासा होडीत घेतला.

दुसऱ्या दिवशी त्याची बोट धरणाच्या लॉकमध्ये, म्हणजे बोटींना धरणाखालच्या पाण्यात उतरवणाऱ्या दरवाजांच्या हौदात, शिरली. मी कठड्याशी उभी होते. मागचे दरवाजे लागले, पाणी उतरायला लागलं. आधी त्याचा चेहरा अगदी माझ्यासमोर होता... मग तो खाली खाली जात राहिला, मान वर करून माझ्याकडे बघत.

पाणी उतरायला दहा मिनिटं लागतात. एका हाकेत ऐकू येईल एवढंच अंतर होतं. तो ‘चल’ म्हणाला नाही. मी ‘थांब’ म्हणाले नाही. समोरचे दरवाजे उघडले, तेव्हा तो इतका खाली होता, की मी रडताना त्याला दिसले नसणार.