आवाजाची रुंदी

आकडा हद्दीच्या आत आहे, मग हा आडमुठा यंत्रमानव बोलू का देत नाही? नीरजाला काही सुचेना. आजोबांच्या रेडिओच्या खोलीत ती नुसती येरझाऱ्या घालत होती. तिची समुद्रशास्त्रज्ञ आई दक्षिण महासागरात वादळांचा अभ्यास करायला गेली होती आणि कालपासून बोटीचा उपग्रहाशी संपर्क तुटला होता. उरला होता तो हौशी रेडिओ; तसा एक आईजवळ बोटीवरही होता. अंधार पडला की त्याच्याही लहरी तिथवर पोहोचणार नव्हत्या.

"आपला पट्टा (हौशी लोकांना बोलायला नेमून दिलेली जागा) १४,३५० किलोहर्ट्झला संपतो. मी १४,३४९ वर आहे!" ती चौकस नावाच्या त्या यंत्रमानवावर खेकसली.

"प्रक्षेपण बंद," चौकस थंडपणे म्हणाला. त्याला कसली आलीय घाई!

आजोबांना हसू आलं. नीरजाला त्यांचा भयंकर राग आला.

"इतक्या कडेला कशाला गेलीस?" त्यांनी विचारलं.

"पट्ट्याच्या मध्यावर आज हौशी लोकांची स्पर्धा चालू आहे. नुसता कलकलाट!"

"असं होय! अगं, आवाज म्हणजे टिंब नव्हे. जाड, बारीक सगळे सूर मिळून त्याला तीन किलोहर्ट्झ जागा लागते. यंत्रावरचा आकडा ही फक्त त्याची सुरुवात. या पट्ट्यात आवाज तिथून वरच्या बाजूला पसरतो."

नीरजा थबकली. तिने मनात बेरीज केली. "१४,३५२! म्हणजे माझं निम्म्याहून जास्त बोलणं हद्दीबाहेर?"

"आणि तिथे दुसऱ्यांचे कामाचे संदेश चालतात. त्यांत आपण लुडबुड करायची नाही."

"मग १४,३४७?"

"अगदी काठाला चिकटू नकोस. आवाज थोडा सांडतोही. आणखी एक मागे ये."

तिने घाईघाईने १४,३४६ लावला. चौकसचा हिरवा दिवा लागला. ती बोलणार तोच आजोबांनी हात वर केला. "आधी विचार. जागा रिकामी असल्याची खात्री केल्याशिवाय हाक मारायची नाही, ही आपली रीत."

बाहेर उन्हं उतरली होती, आणि यांना रीत सुचतेय!

"ही जागा कोणी वापरतंय का?" तिने कसंबसं विचारलं.

खरखर झाली. मग खूप लांबून, पण स्वच्छ आवाज आला.

"हो, मी वापरतेय. वादळ मागे पडलं, आम्ही सगळे सुखरूप आहोत. गर्दी दिसली की तू कडेला पळणार, हे ठाऊक होतं मला. म्हणून कडेची ही शेवटची जागा दुपारपासून धरून बसलेय. किती वेळ लावलास गं, नीरू!"