चुन्यातली रेघ

ज्या वर्कशॉपात जायचं ते बंद निघालं, म्हणून तो सातपूरच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये शिरला. वेल्डिंगचा मुखवटा वर करून चंद्रभागानं पाहिलं — उंचापुरा, घामाघूम, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला पोकळ पोलादी दांडा बाळाला धरावं तसा छातीशी धरलेला.

"कशाचा आहे?"

"विमानाचा... माझ्या."

वेडाच दिसतोय, असं तिला वाटलं. आणि आवडलाही, हे तिनं मनाशी लगेच कबूल करून टाकलं.

तो रंगनाथ, कारखान्यात फिटर होता. पिंपळगावच्या एका रिकाम्या कांदाचाळीत चार वर्षं खपून त्यानं दोघांपुरतं विमान उभं केलं होतं — उडाल्यावर चाकं पोटात घेणारं. पण चाकं ओढणारा हा दांडा वाकणाशी तडकला होता. उतरताना मोडला असता, तर विमानही गेलं असतं आणि माणूसही.

वडील कोंडाजींची नजर अधू झाल्यापासून शेडमधल्या कामाची तपासणी चंद्रभागाच करायची. दांड्याला रॉकेल चोळायचं, कोरडा पुसायचा, वर चुना फासायचा. भेग असली की आत मुरलेलं रॉकेल चुन्यावर काळी रेघ काढतं. नुसता वरून टाका मारून मिळणार नाही, नवाच करू, असं तिनं त्याला बजावलं.

पहिला नवा दांडा केला — वेल्ड निवताच वाकणाशी रेघ. दुसऱ्यात आतून नळी बसवली — तरी रेघ. रंगनाथ दर रविवारी यायचा, तोंड पाडायचा, आणि चहा मात्र दोन कप प्यायचा. तिसऱ्यात तिनं वाकणात त्रिकोणी पट्टी भरली. सोमवारी उड्डाणाची परवानगी द्यायला मुंबईचा इन्स्पेक्टर येणार होता. पुन्हा सहा महिने तो फिरकणार नव्हता.

रविवारी चुना वाळला. पट्टीच्या टोकाशी केसाएवढी रेघ होती.

"ही त्याला दिसायची नाही," रंगनाथ हळूच म्हणाला.

"मला दिसली ना." तिनं रेघेवर बोट ठेवलं. "तुम्ही उतरताना मी खाली उभी असेन... मला तेवढीच दिसेल."

रंगनाथनं दांडा व्हाइसच्या जबड्यात आवळला, लोखंड कापायची हॅक्सॉ घेतली आणि स्वतःच्या हातानं त्याचे दोन तुकडे केले. आता पुढचे सहा महिने हातचे गेले. चंद्रभागाच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं लपवलं नाही.

"पट्टीचं टोक निमुळतं ठेवू. म्हणजे ताण एका जागी येणार नाही," तिनं सुचवलं.

"ठेवू. आणि... दुसरी सीट रिकामी आहे. बसाल?"

"बसेन. पण दर उड्डाणाआधी चुना मीच फासणार," ती म्हणाली. "जन्मभर."

रंगनाथनं पट्टीसाठी नवा पत्रा टेबलावर पसरला आणि खडू तिच्या हातात दिला.